बोलायचं ना आधी!

तत्त्वज्ञान शिकायला लोक हिमालयात का जातात, हे मला कधी कळलेलं नाही. मोटारीचं बॉनेट हिमालयापेक्षा जवळ असतं, तिथे थंडी वाजत नाही, आणि ते उघडून आत डोकं घातलं की भलाभला बडबड्या माणूससुद्धा मौन पाळतो. ‘हे सगळं चालतं तरी कसं?’ असा मूलभूत प्रश्न बॉनेटखाली पाहून ज्याला पडला नाही, असा मोटारमालक मला अजून भेटायचाय. फक्त हा प्रश्न आपल्याला गाडी बंद पडल्यावर पडतो. ऋषिमुनींना तो सगळं सुरळीत चालू असताना पडायचा. त्यांच्यात आणि आपल्यात फरक आहे तो एवढाच. बाकी दाढी वगैरे आपल्यालाही वाढवता येते.

आजचा माझा विषय म्हणजे या बॉनेटखालचा एक रबरी पट्टा. विषय क्षुल्लक वाटेल, पण त्याच्या पोटात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. जो कधी तक्रार करत नाही, त्याची काळजी कुणी घ्यायची आणि कधी?

आधी पट्ट्याची ओळख करून देतो. अँबॅसिडर आणि फियाटच्या राज्यात याला फॅन बेल्ट म्हणत. इंजिनाच्या पुढच्या अंगाला खाली क्रँकची पुली फिरते. तिच्यावरून निघालेला पट्टा वरचा पाण्याचा पंप फिरवायचा, पंपाच्या तोंडावरचा पंखा फिरवायचा, शेजारचा डायनामो फिरवायचा आणि पुन्हा खाली यायचा. आताच्या गाड्यांत पंखा विजेवर गेला, डायनामोच्या जागी आल्टरनेटर आला, गारव्याचा काँप्रेसर वाढला. पूर्वीचा ‘व्ही’ आकाराचा पट्टा जाऊन पोटाला उभे कंगोरे असलेला लांबलचक चपटा पट्टा आला. पण धर्म तोच. एकाचं बळ दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचं आणि स्वतःकडे काही ठेवायचं नाही. जाहिरातीत इंजिनाची अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत छापतात. पट्ट्याचं नावही कुणी छापत नाही.

त्याचं महत्त्व कळतं ते तो तुटल्यावर. आमच्या जिल्ह्यात त्यासाठी उत्तम जागा म्हणजे तुळजापूरचा घाट. सोलापूरहून तुळजापूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, आणि देवी जवळ आली की चढ लागतो. नवरात्राचे दिवस, गाडीत सात माणसं, दोन नारळांची पिशवी आणि एक रडणारं मूल. पट्टा तुटतो तेव्हा एक ‘फट्’ एवढाच आवाज होतो. समोर बॅटरीचा लाल दिवा लागतो. पाण्याचा पंप थांबलेला असतो, म्हणून उष्णतेचा काटा चढू लागतो. थोड्या वेळाने बॉनेटमधून वाफ निघते आणि मागच्या सीटवरून सासूबाई विचारतात, “मी सकाळीच म्हटलं होतं, एसटीने जाऊ.” काही लाखांची गाडी काही शे रुपयांच्या रबरापायी रस्त्याच्या कडेला उभी राहते. देवीच्या दर्शनाला पायी जाण्याचं पुण्य मात्र लागतं.

आता पट्टा झिजलाय हे ओळखायचं कसं? सामान्य माणसाची पद्धत एकच : आवाज. पावसाळी सकाळी गाडी सुरू केली की ‘कुईंऽऽ’ असा आवाज येतो. दिवे लावले, गारवा सुरू केला की आणखी मोठा होतो, कारण ओझं वाढलं की पट्टा पुलीवरून घसरतो. थोडक्यात, पट्टा सांगत असतो, ‘मला पकड बसत नाही, कुणीतरी बघा.’ यावर आपण काय करतो? साबण लावतो.

यात अतिशयोक्ती नाही. करकरणाऱ्या पट्ट्याला साबणाची वडी घासणारे, मेण लावणारे, टाल्कम पावडर मारणारे लोक मी पाहिले आहेत. आमच्याकडे ही विद्या पिठाच्या गिरणीतून आली असावी. गिरणीचा लांब पट्टा सटकू लागला की त्याला राळ चोळत, आणि तो तेवढं दळण निभावून नेई. पण राळेने पट्टा नवा होत नाही, आणि साबणाने तर आणखीच गुळगुळीत होतो. फक्त आवाज बंद होतो. मालक खूश, शेजारी खूश. पट्टा आतल्या आत झिजतच असतो.

ही साबण लावण्याची कला मोटारीपुरती मर्यादित नाही. एका कचेरीत छप्पर गळतं म्हणून एका कारकुनाने सतत तक्रारी केल्या. साहेबांनी त्यालाच ‘छप्पर समिती’चा सचिव नेमलं. त्या दिवसापासून तो गप्प आहे. छप्पर गळतंच आहे, पण आता इतिवृत्त लिहून गळतं.

दुसरी गंमत अशी की, ओरडणारा पट्टा दर वेळी गुन्हेगार असतोच असं नाही. त्याची एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या कंगोऱ्यांवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारायचा. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला, तर पुली एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला, तर पट्ट्याला ताण कमी पडतोय. पहिल्या प्रकारात तुम्ही दहा पट्टे बदला, दहाही ओरडतील. दोष ओरडणाऱ्यात नसून त्याला ज्या चाकांना बांधलंय त्या चाकांत आहे. ‘त्या जागेवर कुणीच टिकत नाही हो!’ असं ज्या जागेबद्दल म्हणतात, तिथे माणसं तपासण्याआधी जागेवर थोडं पाणी मारून पाहावं.

आमच्या धाराशिवात एक मिस्त्री आहेत. त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. (२०२३ साली गावाचं सरकारी नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, गाड्यांच्या पाटीवरचा एमएच २५ तेवढा जागचा हलला नाही.) उस्तादांचं या विषयावरचं मत ठाम आहे. मी एकदा वाकून पट्टा न्याहाळत होतो आणि ‘चांगला दिसतोय’ असा अभिप्राय दिला. उस्ताद म्हणाले, “साहेब, पट्टा वरून बघायचा नसतो. वरून समदेच चांगले दिसतेत. पालथा करून बघा.”

इंजिन बंद करून, किल्ली काढून, थंड झाल्यावर त्यांनी पट्टा बोटांनी पिळून उलटा केला आणि एकेक खूण दाखवली. पोटावर आडव्या भेगा. कडेला सुटलेले धागे. कंगोऱ्याचा निघालेला तुकडा. तेल गळून फुगलेलं रबर. आणि सगळ्यात फसवी खूण, चकाकी. मला वाटत होतं, चकचकीत म्हणजे नवा. उस्ताद म्हणाले, “नव्या पट्ट्याला चमक नसती. घसरून घसरून काच झालीय त्याची.” जुन्या कारकुनाच्या पँटची बैठक का चकाकते, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला. जुन्या ‘व्ही’ पट्ट्याला आणखी एक कसोटी : दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला की तो साधारण अर्धा इंच दबावा. फार दबला तर सैल, दबलाच नाही तर जास्त ताणलेला. जास्त ताणला की पट्टा एक वेळ टिकेल, पण पंपाची आणि आल्टरनेटरची बेअरिंगं जातील. कडक शिस्तीच्या घरात नेहमी शेजारचंच कुणीतरी आजारी असतं, त्यातलाच हा प्रकार.

इथवर ठीक होतं. पण विज्ञानाने प्रगती केली आणि घोटाळा झाला. पूर्वीचे पट्टे ज्या निओप्रीन रबराचे असत, ते म्हातारं झालं की हिवाळ्यातल्या टाचेसारखं भेगाळायचं. कुणालाही दिसायचं. गेल्या दोन-तीन दशकांत ईपीडीएम नावाचं नवं रबर आलं. ते खूप टिकतं, आणि सहसा भेगाळतच नाही. ते टायरसारखं झिजतं. खाचा हळूहळू रुंद होतात, पट्टा पुलीत थोडा थोडा खोल बसतो आणि एक दिवस घसरू लागतो. डोळ्यांना काही दिसत नाही. ती झीज मोजायला प्लास्टिकची एक छोटी पट्टी मिळते; ती खाचेत बसवून बघावी लागते. म्हणजे पट्टा सुधारला तसा अबोलही झाला. शिकलेल्या माणसाला ‘कसं चाललंय?’ विचारलं की तो ‘मजेत’ म्हणतो, आणि खाचेत पट्टी घालून बघायची आपल्याकडे पद्धत नाही.

हे सगळं मला ज्यांच्यामुळे सुचलं, त्या माझ्या आत्याबाई. आमच्या घराण्यात लग्नं पुष्कळ झाली आणि प्रत्येक लग्नाच्या कर्त्याचं नाव पत्रिकेत वेगळं असलं, तरी कार्य आत्याबाईंनीच ओढलेलं असायचं. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला, देण्याघेण्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात, रुसलेल्या विहीणबाई त्यांच्या पदरात. त्या कधी ‘दमले’ म्हणाल्याचं कुणाला आठवत नाही. उलट ‘त्यांना सवयच आहे’ हे वाक्य आमच्याकडे मंगलाष्टकांइतकं नियमित म्हटलं जाई. एका लग्नात, पंगत बसायच्या वेळी, आत्याबाई मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. पुढच्या पंधरा मिनिटांत कोठी उघडेना, आहेराच्या साड्या सापडेनात, आचारी मीठ मागत फिरू लागला आणि व्याही तापू लागले. लाल दिवा लागला, काटा चढला, वाफ निघाली. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं क्रमाने झालं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा. ते काही एका दिवसात उतरलेलं नव्हतं. कित्येक महिने ही बाई जिने चढत होती, पंगती वाढत होती आणि रात्री कुणाला न सांगता धापा टाकत होती.

आणि मग खाटेभोवती जमलेले सगळे एकच वाक्य बोलले : “बोलायचं ना आधी!”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दिसायला ते प्रेमाचं वाक्य आहे. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा असतं. पण बारकाईने पाहा, त्यात दोष कुणाच्या माथी गेला? न बोलणाऱ्याच्या. बघायचं काम आपलं होतं. सांगायचं काम तिचं होतं असं आपण ठरवून टाकलं. शिवाय ती बोलली असती, तर आपण साबण लावला असताच की. बोललं तर साबण आणि न बोललं तर ‘बोलायचं ना आधी’! या दोन्हींच्या मध्ये पट्ट्याने करावं तरी काय?

कुणी म्हणेल, न बोलणं हा तर मोठेपणाच आहे. आणि त्यासाठी आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देईल. तेर हे गोरोबाकाकांचं गाव. त्यांच्याकडे संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी विचारलं, यात पक्कं मडकं कोणतं आणि कच्चं कोणतं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेका संताच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांनी तेवढी कुरकुर केली, आणि ‘हे मडकं कच्चं’ असा निकाल झाला, अशी कथा सांगतात. तात्पर्य : सोसतो तो पक्का, ओरडतो तो कच्चा.

काकांच्या निकालावर अपील करण्याची माझी प्राज्ञा नाही. पण कथा ऐकताना आपलं सगळं लक्ष कोण ओरडलं याकडे असतं. कुंभार काय करत होता, तेही बघा. मडकी काकांकडे तक्रार घेऊन आली नव्हती. काका स्वतः उठले, थापटणं घेतलं आणि एकही डोकं न वगळता सगळ्यांना वाजवून पाहिलं. मडक्याला भाजलं आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. वाजवल्यावर खणखणीत बोललं तर पक्कं, बद्द बोललं तर कच्चं. म्हणजे मडकंसुद्धा विचारल्यावरच बोलतं. आणि कच्चं ठरलेलं मडकं कुणी उकिरड्यावर टाकलं नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि पुढे नामदेव ‘नामदेव’ झाले. तपासणी टाकून देण्यासाठी नव्हती, भाजून घेण्यासाठी होती.

पण तपासताच येत नसेल तर? तेही इंजिनात आहे. पुष्कळ गाड्यांत झाकणाआड एक दातेरी पट्टा असतो, टायमिंग बेल्ट. झडपा कधी उघडायच्या नि कधी मिटायच्या हे तो सांभाळतो. तो दिसत नाही, सहसा ओरडत नाही, आणि तुटला तर कित्येक इंजिनांत झडपा वर येणाऱ्या पिस्टनवर आपटून वाकतात. म्हणून तो अवस्था पाहून बदलत नाहीत. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले किलोमीटर किंवा वर्षं भरली की बदलतात. सरकारी नोकरीतल्या निवृत्तीसारखं. कामगिरी कितीही उत्तम असो, जन्मतारीख आली की नारळ.

उस्तादांनी असाच एक काढलेला पट्टा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “अहो, हा तर अजून चांगला होता!”

“व्हय. कदाचित आनखी दोन वर्षं गेला असता.”

“मग काढला कशाला?”

“गेला असता का न्हाई, ते त्याला तरी कुठं ठावं हाय, साहेब?”

मला यात न्याय दिसतो. ज्याच्या तुटण्याने फक्त गाडी थांबते, त्याला डोळ्यांनी तपासत राहावं. ज्याच्या तुटण्याने दुसऱ्यांचे जीव वाकतात, त्याला ‘अजून चालतंय की’ म्हणून ताणू नये, आणि सुट्टी हवी का असं विचारूही नये. द्यावी. आत्याबाईंना विचारलं असतं तर त्या ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणाल्या असत्या.

बदलण्याचेही काही नियम आहेत. किल्ली आपल्या खिशात ठेवायची, म्हणजे हात आत असताना घरातलं उत्साही कुणी गाडी सुरू करणार नाही. बॅटरीची तार सोडायची. जुना पट्टा काढण्याआधी तो कुठून कसा फिरतो याचं चित्र काढून ठेवायचं. काढल्यानंतर आठवत नाही, हे निवृत्तांच्या जागी आलेल्यांना विचारा. मग टेन्शनर पान्याने मागे ओढायचा. टेन्शनर म्हणजे सगळ्यांचं टेन्शन स्वतः घेणारी पुली. प्रत्येक घरात एक असते. पट्टा निघाला की ती हाताने फिरवून पाहायची. घरघरली तर तीही बदलायची, नाहीतर नवा पट्टा जुन्याच दुखण्याने जातो. नव्याची लांबी आणि कंगोरे जुन्याशी ताडून पाहायचे, पेचकसाने जबरदस्तीने चढवायचा नाही, प्रत्येक कंगोरा आपापल्या खाचेत बसलाय हे बोट फिरवून बघायचं. आणि काही यंत्रांवर ‘व्ही’ पट्टे जोडीने चालतात; तिथे एक तुटला तरी सगळे एकदम बदलायचे. एकटा नवा घातला तर ताणलेले जुने सैल लोंबतात आणि सगळं ओझं नव्यावर पडतं. कचेरीत नवीन कारकून लागल्यावर काय होतं ते आपण पाहतोच.

हे सारं पटल्यापासून मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, काही बिघडलेलं नसताना, बॉनेट उघडतो. आमच्या गावात बॉनेट उघडलं की मिनिटभरात चार माणसं जमतात. “काय झालं?” “काही नाही.” “मग उघडलंय कशाला?” “काही झालं नाही म्हणूनच.” यावर ते एकमेकांकडे बघतात आणि निराश होऊन पांगतात. फुकट सल्ला वाया गेल्याचं दुःख मी समजू शकतो.

त्याच दिवशी मी आत्याबाईंना फोन करतो. त्या आता बऱ्या आहेत. लग्नात खुर्चीवर बसून फक्त हुकूम सोडतात. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, “काय काम काढलंस?” मी म्हटलं, काही नाही, सहज. दुसऱ्या खेपेला त्या काळजीत पडल्या : “सुनेशी भांडण झालं का रे?” तिसऱ्या खेपेला आवाज खाली आणून म्हणाल्या, “किती पैसे हवेत, सांग.” चौथ्या खेपेला मात्र बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “जिना उतरताना गुडघा जरा कुरकुरतो बाबा हल्ली.”

मी लगेच ‘ते मलम लावा’ म्हणणार होतो. मग साबण आठवला, आणि विचारलं, “कोणता गुडघा? कधीपासून?”